अन्ननलिकेची शस्त्रक्रिया झाली, पुढे काय?

एक सोपा प्रयोग करा. पाण्याचा घोट तोंडात घ्या, गळ्यावर हलकेच बोट ठेवा आणि घोट गिळा. कंठमणी वर चढून पुन्हा खाली उतरल्याचे बोटाला जाणवेल. गिळण्याच्या क्रियेतले आपल्याला कळते ते एवढेच. पुढे तो घोट कोठून आणि कसा गेला, याची आपल्याला गंधवार्ताही नसते.

तो गेलेला असतो अन्ननलिकेत. सुमारे २५ सेंटिमीटर लांबीची ही स्नायूंची नळी घशापासून निघते, श्वासनलिकेच्या मागून छातीत उतरते, हृदयाच्या पाठीमागून जाते आणि श्वासपटलातील एका छिद्रातून पोटात शिरून जठराला मिळते. सायकलच्या जुन्या ट्यूबचा हातभर तुकडा घ्या. तो आतून ओला करून त्यात एक गोटी टाका. आता गोटीच्या मागे बोटांनी दाबत दाबत ती पुढे सरकवा. अन्ननलिका नेमके हेच करते. घासाच्या मागचा भाग आवळतो, पुढचा सैल होतो आणि आठ-दहा सेकंदांत घास जठरात पोचतो. शीर्षासन केलेल्या माणसाने गिळलेला घासही याच कारणाने जठराकडे जाऊ शकतो.

या नळीला कर्करोग झाला, की तिची पोकळी हळूहळू बुजू लागते. आधी भाकरी अडकते, मग भात अडकतो, पुढे पेजही उतरत नाही. रोग दूरवर पसरलेला नसेल आणि रुग्णाची प्रकृती झेपण्याजोगी असेल, तर शस्त्रक्रिया करून अन्ननलिकेचा बहुतेक भाग काढून टाकतात. मग प्रश्न असा, की नळीच काढल्यावर माणूस जेवणार कसा? आणि दुसरा प्रश्न त्याहून मोठा. शस्त्रक्रिया नीट पार पडली, टाके निघाले, रुग्ण घरी आला. म्हणजे सारे संपले का?

नाही, संपत नाही. पुढचे काही दिवस, काही महिने आणि काही वर्षे या रुग्णावर लक्ष ठेवावे लागते. ते का आणि कसे, हे आज आपण पाहू.

गळ्याबाहेरची रबरी नळी

शरीराच्या इतर भागांवर शस्त्रक्रिया होऊ लागल्या, तरी छातीतील अन्ननलिकेला हात लावायला शल्यविशारद फार काळ धजत नव्हते. छाती उघडली की बाहेरची हवा आत शिरते आणि फुप्फुस फुगा फुटावा तसे आकसते. शिवाय अन्ननलिकेच्या शेजारी हृदय, श्वासनलिका आणि महारोहिणी अगदी खेटून असतात.

१९१३ साली न्यूयॉर्कमध्ये फ्रान्झ टोरेक या शल्यविशारदांनी हे धाडस केले. श्वासनलिकेत नळी घालून फुप्फुसांना हवा पुरवत राहण्याची तेव्हा नवी असलेली पद्धत त्यांनी वापरली. रुग्ण ६७ वर्षांची स्त्री होती. टोरेक यांनी अन्ननलिकेचा रोगट भाग काढला. पण उरलेली दोन टोके छातीत जोडली नाहीत. अन्ननलिकेचे वरचे टोक त्यांनी गळ्याजवळ बाहेर काढले. जठराला पोटावरून एक तोंड केलेले होतेच. ही दोन तोंडे त्यांनी शरीराबाहेरून एका रबरी नळीने जोडली. ती बाई घास चावून गिळत असे, तो गळ्यापाशी बाहेर येई आणि रबरी नळीतून पुन्हा पोटात जाई! अशा रीतीने ती पुढे बारा-तेरा वर्षे जगली.

टोरेक यांनी छातीत जोड का दिला नाही? कारण तो जोड गळला असता, तर छातीत अन्न आणि जंतू पसरून रुग्ण दगावला असता. प्रतिजैविके तेव्हा नव्हती. जोड गळण्याचे हे भय शंभराहून अधिक वर्षांनंतर आजही शल्यविशारदांच्या मनात असते. पुढे १९३३ साली जपानमधील ओसावा यांनी छातीच्या आत जठर जोडण्यात यश मिळवले. १९४६ साली ब्रिटनमधील आयव्हर लुईस यांनी पोट आणि उजवी छाती उघडून करावयाची पद्धत मांडली. १९७६ साली मॅकेओन यांनी तिसरा छेद मानेवर घेऊन जोड मानेत देण्याची पद्धत प्रसिद्ध केली. या दोन्ही पद्धती सुधारलेल्या रूपात आजही चालू आहेत.

जठराचीच होते नळी

रबराची नळी आता लागत नाही. तिची जागा रुग्णाचे स्वतःचे जठरच घेते. जठर हे पिशवीसारखे असते. त्याचा एका बाजूचा भाग कापून उरलेल्या भागाची चार-पाच सेंटिमीटर रुंदीची लांब नळी करतात. ही नळी छातीतून वर ओढून अन्ननलिकेच्या उरलेल्या टोकाला जोडतात.

ऐकायला हे सोपे वाटते. अडचण आहे ती रक्तपुरवठ्याची. जठराला रक्त पुरवणाऱ्या अनेक रोहिणी असतात. जठर वर ओढता यावे म्हणून त्यांतील बऱ्याच कापाव्या लागतात. मग सारी नळी मुख्यतः एकाच रोहिणीवर जगते. ही रोहिणी खालून वर येते आणि नळीच्या टोकापर्यंत पोचतच नाही. शेवटच्या भागाला केवळ बारीक केशवाहिन्यांतून झिरपणारे रक्त मिळते.

गावातल्या नळयोजनेचा अनुभव तुम्हाला असेल. टाकीजवळच्या घरांना धो धो पाणी मिळते. शेवटच्या घराच्या नळाला मात्र करंगळीएवढी धार. आपल्या जठराच्या नळीचे शेवटचे घर म्हणजे तिचे वरचे टोक, आणि जोड द्यायचा तो नेमका तेथेच. जखम भरायला प्राणवायू लागतो, प्राणवायू रक्तातून येतो, आणि रक्त तर तेथेच कमी.

यात आणखी एक भर. जठर आणि आतडी यांच्यावर बाहेरून एक पातळ, गुळगुळीत आवरण असते. टाका धरून ठेवायला आणि जोड झाकायला त्याची मदत होते. अन्ननलिकेला असे आवरण नाही. तेव्हा या जोडाची एक बाजू रक्ताला मोताद, तर दुसरी बाजू आवरणाविना!

हल्ली काही ठिकाणी जोड देण्याआधी रुग्णाच्या शिरेतून एक हिरवे रंगद्रव्य सोडतात आणि अवरक्त किरण टिपणाऱ्या कॅमेऱ्यातून जठराच्या नळीकडे पाहतात. रक्त जेथवर पोचते तेथवर नळी उजळलेली दिसते. उजळलेल्या भागातच जोड द्यायचा, हे मग ठरवता येते.

पहिले दहा दिवस

एवढी काळजी घेऊनही जोड कधीकधी गळतो. गळती बहुधा पहिल्या आठ-दहा दिवसांत लक्षात येते. रुग्णाला ताप येतो, नाडी जलद होते, श्वास लागतो. जोड मानेत असेल, तर मानेच्या जखमेतून लाळ झिरपताना दिसते. रक्ताच्या तपासणीत दाह दाखवणारी द्रव्ये वाढलेली आढळतात. मग क्ष-किरणांत दिसणारे द्रव पाजून किंवा सी. टी. स्कॅन करून अथवा दुर्बीण घालून गळतीची जागा शोधतात.

मानेतील जोड छातीतील जोडापेक्षा अधिक वेळा गळतो. पण तो गळला तर धोका कमी असतो. जखमेचे टाके सैल करून लाळेला बाहेर वाट करून दिली, की बहुतेक वेळा जखम आतून आपोआप भरून येते. छातीतील गळती मात्र गंभीर असते. तेथे साचलेला पू नळी घालून बाहेर काढावा लागतो आणि प्रतिजैविके द्यावी लागतात. कधी गळतीच्या जागी आतून जाळीची नळी, म्हणजे स्टेंट, बसवतात. कधी स्पंजाचा तुकडा दुर्बिणीतून तेथे ठेवून त्याला शोषण यंत्र जोडतात, म्हणजे घाण ओढली जाते आणि जखम हळूहळू आवळत येते. तेवढ्यानेही भागले नाही, तर पुन्हा शस्त्रक्रिया करावी लागते.

या साऱ्या काळात तोंडाने अन्न देता येत नाही. पण उपाशी माणसाची जखम भरणार कशी? म्हणून बरेच शल्यविशारद शस्त्रक्रियेच्या वेळीच पोटावरून लहान आतड्यात एक बारीक नळी बसवून ठेवतात. तोंड बंद असले, तरी रुग्णाला या वाटेने पातळ अन्न मिळत राहते.

दुसरे संकट फुप्फुसांचे. छातीवरची जखम दुखते म्हणून रुग्ण खोल श्वास घेत नाही आणि जोराने खोकत नाही. मग फुप्फुसाच्या तळाशी कफ साचतो, तेथील वायुकोश मिटतात आणि न्यूमोनिया होतो. तीन रंगीत गोळ्यांचे एक प्लॅस्टिकचे यंत्र तुम्ही एखाद्या रुग्णाच्या उशाशी पाहिले असेल. नळीतून श्वास आत ओढायचा आणि गोळ्या वर उचलून धरायच्या. ते खेळणे वाटते. पण मिटलेले वायुकोश उघडणारा तो व्यायाम आहे. वेदना पुरेशी कमी करणे, दुसऱ्याच दिवशी रुग्णाला उठवून बसवणे, चालवणे, हे सर्व यासाठीच. तंबाखू ओढणाऱ्याने शस्त्रक्रियेच्या निदान काही आठवडे आधी ती सोडावी, असा डॉक्टर आग्रह धरतात, त्याचेही कारण हेच.

छाती मोठी न उघडता लहान छिद्रांतून दुर्बिणीने शस्त्रक्रिया केली तर? नेदरलँड्समधील संशोधकांच्या पुढाकाराने झालेल्या आणि २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात असे दिसले, की मोठ्या छेदाने शस्त्रक्रिया झालेल्यांपैकी २९ टक्के रुग्णांना पहिल्या दोन आठवड्यांत फुप्फुसांचा संसर्ग झाला, तर लहान छिद्रांतून शस्त्रक्रिया झालेल्यांपैकी ९ टक्क्यांनाच झाला.

कधीकधी शस्त्रक्रियेनंतर रुग्णाचा आवाज घोगरा होतो. याचे कारण मोठे मजेदार आहे. स्वरयंत्राकडे जाणारी डावी चेता मेंदूकडून थेट स्वरयंत्रात जात नाही. ती आधी छातीत उतरते, महारोहिणीच्या कमानीखालून वळसा घेते आणि अन्ननलिकेच्या कडेने पुन्हा वर चढते. साहजिकच अन्ननलिका सोडवताना तिला धक्का लागू शकतो. मग एक स्वरतंतू नीट मिटत नाही. यात केवळ आवाज बिघडत नाही. पाणी पिताना ते श्वासनलिकेत जाण्याचा धोका असतो. बहुतेकांचा आवाज काही महिन्यांत सुधारतो. तोवर हनुवटी छातीकडे झुकवून, घोट लहान घेऊन गिळण्याची रीत त्यांना शिकवतात.

आणखी एक विरळा प्रकार सांगतो. आपण खाल्लेल्या तेलातुपाचा बराचसा भाग आतड्यातून सरळ रक्तात जात नाही. तो लसीकेत मिसळून दुधासारखा पांढरा होतो आणि अन्ननलिकेच्या शेजारून वर जाणाऱ्या एका वाहिनीतून मानेजवळ रक्ताला मिळतो. या नाजूक वाहिनीला इजा झाली, तर छातीत लावलेल्या नळीतून दुधाळ द्रव वाहू लागतो. उपाय काय? रुग्णाचे तेल-तूप बंद करायचे, म्हणजे वाहिनीतला ओघ कमी होतो आणि भोक बुजायला वेळ मिळतो. गरज पडल्यास खास प्रकारचे मेद देतात, जे या वाहिनीत न शिरता थेट यकृताकडे जातात. तरीही ओघ थांबला नाही, तर वाहिनी बांधून टाकतात.

चूक झाली, असे म्हणायचे का?

इतकी संकटे वाचून तुम्हाला वाटेल, की हे शल्यविशारद कसबी नसावेत. आता पुढील आकडे पाहा. २०१५ आणि २०१६ या दोन वर्षांत १४ देशांतील २४ नामांकित रुग्णालयांनी अन्ननलिकेच्या २,७०४ शस्त्रक्रियांची नोंद एकसारख्या पद्धतीने ठेवली. त्यांत दर १०० रुग्णांमागे ५९ जणांना कोणता ना कोणता उपद्रव झाला. सुमारे १५ जणांना न्यूमोनिया झाला. सुमारे ११ जणांचा जोड गळला. आणि पहिल्या ३० दिवसांत दगावले किती? शंभरात अडीचहूनही कमी!

पुन्हा वाचा. उपद्रव निम्म्याहून अधिक जणांना. मृत्यू मात्र थोड्यांनाच. या दोन आकड्यांमधले अंतर कशामुळे पडले? वेळीच ओळखल्यामुळे.

याचा पुरावा दुसरीकडूनही मिळतो. २००९ साली अमेरिकेत निरनिराळ्या मोठ्या शस्त्रक्रिया झालेल्या सुमारे ८४ हजार रुग्णांच्या नोंदी तपासण्यात आल्या. काही रुग्णालयांत मृत्यू फार होत, तर काहींत फार कमी. सर्वांना वाटत होते, की कमी मृत्यूंच्या रुग्णालयांत उपद्रवच कमी होत असतील. तसे निघाले नाही. दोन्हीकडे सुमारे चौथा हिस्सा रुग्णांना उपद्रव झाले होते. पण गंभीर उपद्रव झाल्यावर एका गटात १२.५ टक्के रुग्ण दगावले, तर दुसऱ्यात २१.४ टक्के. म्हणजे मोठा फरक उपद्रव टाळण्यात नव्हता. तो झाल्यावर रुग्णाला वाचवण्यात होता. रात्री दोन वाजता वाढलेली नाडी कोणी पाहिली, ती कोणाला कळवली, आणि तो लगेच आला की सकाळची वाट पाहिली, यावर जीव अवलंबून होता. रुग्णाच्या उशाशी दर तासाला नाडी, ताप, श्वास लिहून ठेवणाऱ्या परिचारिकेचा कागद म्हणूनच शल्यविशारदाच्या सुरीइतका महत्त्वाचा.

घरी आल्यावर

घरी आलेल्या रुग्णाच्या छातीत आता जठराची नळी आहे. ती अन्ननलिकेसारखी घास ढकलत नाही. घास बहुतांशी स्वतःच्या वजनाने खाली उतरतो. वर झडप नसल्याने आडवे होताच आतले आंबट पाणी घशाशी येते. झोपेत ते फुप्फुसात गेले तर पुन्हा न्यूमोनिया! म्हणून या रुग्णाने जेवून लगेच आडवे व्हायचे नाही. रात्रीचे जेवण झोपण्याच्या दोन-तीन तास आधी उरकायचे आणि पलंगाची डोक्याकडची बाजू कायम उंच ठेवायची.

पूर्वीची पिशवी गेली, आता आहे अरुंद नळी. तेव्हा पोटभर जेवण ही गोष्ट उरत नाही. दिवसातून सहा-सात वेळा थोडे थोडे खायचे: मऊ खिचडी, अंडे, दही, मुगाचे कढण, नाचणीची आंबील. पाणी जेवणाबरोबर नको, मध्ये काही वेळ सोडून प्यायचे.

गोड पदार्थांची एक गंमत पाहा. काकडीच्या फोडींना मीठ लावून ठेवले, की त्यांना पाणी सुटते. हे परासरण तुम्ही शाळेत शिकला आहात. आता या रुग्णाने वाटीभर बासुंदी खाल्ली असे समजा. जठरात फार वेळ न थांबता तो साखरेचा घट्ट पाक एकदम लहान आतड्यात उतरतो आणि रक्तातले पाणी आतड्यात ओढून घेतो. अर्ध्या तासाच्या आत छाती धडधडते, घाम फुटतो, चक्कर येते, पोटात कळ येऊन जुलाब होतात. कधी दोनेक तासांनी दुसरा झटका येतो. एकदम वाढलेल्या साखरेला उत्तर म्हणून शरीराने इन्शुलिन जास्त सोडलेले असते, आणि त्यामुळे रक्तातली साखर गरजेपेक्षा खाली जाते. उपाय औषधापेक्षा ताटात आहे. गोड कमी करायचे, प्रथिने वाढवायची, घास लहान घ्यायचा आणि सावकाश खायचे.

काही आठवड्यांनी किंवा महिन्यांनी घास पुन्हा अडकू लागतो. रुग्ण आणि घरचे घाबरतात, रोग परतला असे वाटते. पुष्कळदा तसे नसते. भाजल्याचा व्रण आकसून कातडी ओढली गेलेली तुम्ही पाहिली असेल. जोडाच्या जागचा व्रणही तसाच आकसतो आणि वाट अरुंद होते. दुर्बिणीतून फुगा किंवा निमुळत्या कांड्या घालून ती रुंद करतात. हे काही वेळा पुन्हा पुन्हा करावे लागते. मात्र हा व्रण आहे की रोग, हे अंदाजाने ठरवायचे नसते. दुर्बिणीतून पाहून, शंका आल्यास लहानसा तुकडा काढून सूक्ष्मदर्शकाखाली तपासतात.

रोग उलटतो तो का?

सारा रोग काढला, कडाही निरोगी निघाल्या, तरी काहींचा रोग उलटतो. कसा? थोडे गणित करू.

एका पेशीच्या दोन झाल्या, दोनांच्या चार, चारांच्या आठ. असे दहा वेळा दुप्पट झाल्यावर १,०२४ पेशी होतात. वीस वेळा झाल्यावर सुमारे साडेदहा लाख. ढोबळ मानाने ही गाठ एक मिलिमीटरची, मोहरीच्या दाण्याहून लहान. तीस वेळा दुप्पट झाल्यावर सुमारे १०७ कोटी पेशी, आणि गाठ एक सेंटिमीटरची, हरभऱ्याएवढी. स्कॅनवर खात्रीने दिसण्याजोगी ती होते ती या सुमारास. म्हणजे गाठ आपल्याला दिसते तेव्हा तिच्या वाढीचे बरेचसे टप्पे उलटून गेलेले असतात. शस्त्रक्रियेच्या दिवशी शरीरात कोठेतरी शंभर पेशी दडून बसल्या असतील, तर त्या दाखवणारे यंत्र शल्यविशारदाजवळ नाही.

अन्ननलिकेची घडणही येथे रोगाला मदत करते. तिच्या भिंतीत लसीकावाहिन्यांचे उभे जाळे आहे. त्यातून रोगट पेशी लवकर निसटतात आणि मानेपासून पोटापर्यंतच्या लसीका ग्रंथींत जाऊन बसतात. रक्तातून गेल्या तर यकृत, फुप्फुसे, हाडे गाठतात. म्हणून शल्यविशारद नळीबरोबर आसपासच्या लसीका ग्रंथीही काढतात.

तरीही निसटलेल्या पेशी सुरीला सापडत नाहीत. त्यांच्यासाठी औषध हवे. नेदरलँड्समधील एका मोठ्या अभ्यासात ३६६ रुग्णांचे दोन गट केले. एका गटावर नुसती शस्त्रक्रिया झाली. दुसऱ्याला आधी पाच आठवडे रसायनोपचार आणि किरणोपचार देऊन मग शस्त्रक्रिया केली. २०१२ साली निष्कर्ष आले. पहिल्या गटातील निम्मे रुग्ण २४ महिन्यांपर्यंत हयात होते, तर दुसऱ्या गटातील निम्मे रुग्ण सुमारे ४९ महिन्यांपर्यंत. काळ दुपटीहून अधिक झाला होता. अन्ननलिकेच्या खालच्या टोकाशी होणाऱ्या ग्रंथिपेशींच्या कर्करोगात मात्र शस्त्रक्रियेच्या आधी व नंतर चार औषधांचा रसायनोपचार देणे अधिक लाभाचे ठरते, असे २०२४ साली जर्मनीतील अभ्यासातून दिसले.

आधी असे उपचार घेऊनही काढलेल्या नळीत जिवंत रोगपेशी आढळल्या, तर रोग उलटण्याची भीती जास्त. अशांना शस्त्रक्रियेनंतर प्रतिकारशक्तीचा 'ब्रेक' सोडवणारे औषध वर्षभर देतात. हा ब्रेक म्हणजे आपल्या पांढऱ्या पेशींवरचा पीडी-१ नावाचा रेणू. तो जपानच्या तासुकू होन्जो यांनी शोधला. अशाच दुसऱ्या ब्रेकवर काम करणारे जेम्स ॲलिसन आणि होन्जो यांना २०१८ चे नोबेल पारितोषिक मिळाले. २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात या औषधाने रोग न उलटता जाणारा काळ मध्यमानाने ११ महिन्यांवरून २२ महिन्यांवर गेला.

रोग उलटलाच, तर

उलटणारा रोग बहुधा पहिल्या दोन-तीन वर्षांतच उलटतो. म्हणून पहिली दोन वर्षे दर तीन ते सहा महिन्यांनी आणि पुढे पाच वर्षांपर्यंत अधिक अंतराने तपासणीला बोलावतात. दोन भेटींच्या मधल्या काळात मात्र डॉक्टर घरात नसतो, घरचे असतात. घास नव्याने अडकू लागणे, आवाज बसणे, न थांबणारा खोकला, हाडांत सतत दुखणे, खाऊनही वजन घटणे, यांपैकी काही दिसले तर पुढच्या तारखेची वाट पाहू नये.

उलटलेला रोग एकाच लसीका ग्रंथीपुरता असेल, तर किरणोपचाराने, म्हणजे बोलीभाषेतल्या 'शेक देण्याने', किंवा क्वचित पुन्हा शस्त्रक्रियेने तो आटोक्यात येऊ शकतो. काहीजण त्यानंतर कित्येक वर्षे जगतात. तो अनेक ठिकाणी पसरला असेल, तर रसायनोपचार आणि ब्रेक सोडवणारी औषधे देऊन त्याची वाढ रोखतात. तो समूळ नाहीसा होणे तेव्हा कठीण असते, हेही खरे सांगितले पाहिजे. पण 'आता काही करता येणार नाही' हे वाक्य चुकीचे आहे. वाट बंद झाली तर स्टेंट घालून ती उघडता येते, दुखणे औषधांनी शमवता येते, धाप कमी करता येते. माणूस घरच्यांबरोबर बसून दोन घास सुखाने खाऊ शकला, तर तेही वैद्यकाचेच काम आहे.

तुमच्या हाती काय?

पुष्कळ आहे. मुंबईत परळ येथे १९४१ साली सुरू झालेल्या टाटा स्मारक रुग्णालयात देशभरातून कर्करोगाचे रुग्ण येतात. त्यांत अन्ननलिकेचे रुग्णही असतात. आपल्याकडे या रोगाची मोठी कारणे म्हणजे तंबाखू आणि दारू. विडी ओढली काय, तंबाखू चघळली काय किंवा मिश्री लावली काय, विष तेच. फार कढत चहासुद्धा निर्दोष नाही. ६५ अंश सेल्सियसहून गरम पेये अन्ननलिकेच्या कर्करोगाचे संभाव्य कारण आहेत, असे कर्करोग-संशोधनाच्या आंतरराष्ट्रीय संस्थेने २०१६ साली जाहीर केले. आजोबा चहा बशीत ओतून पितात ना? बशीत पृष्ठभाग वाढतो आणि चहा लवकर निवतो. ती सवय चांगलीच म्हणायची!

शस्त्रक्रियेनंतरही तंबाखू सोडलीच पाहिजे. तिने तोंडापासून अन्ननलिकेपर्यंतचे सारे अस्तर बिघडवलेले असते. एक रोग काढला, तरी त्याच बिघडलेल्या अस्तरात दुसरीकडे नवा रोग उगवू शकतो.

आणि तुमच्या घरात किंवा शेजारी असा रुग्ण असेल, तर तीन गोष्टी लक्षात ठेवा. हा रोग संसर्गाने होत नाही. त्याचे ताट-वाटी वेगळे मांडू नका, त्याच्या शेजारी बसून जेवा. दुसरी गोष्ट, आपल्याकडे पाहुण्याला 'घ्या, आणखी एक घ्या' असा आग्रह करतात. या माणसाला तो करू नका. त्याच्या छातीतल्या नळीत त्या एका पुरीला खरोखरच जागा नसते. त्याऐवजी दोन तासांनी पुन्हा वाटीभर काही नेऊन द्या. तिसरी गोष्ट, एक वही करा. दर रविवारी त्याचे वजन लिहा; काय खाल्ले, काय अडकले, ताप आला का, हे तारखेसह लिहा आणि तपासणीच्या दिवशी ती वही डॉक्टरांपुढे ठेवा.

रुग्णालयात परिचारिका दर तासाला जो कागद भरत होती, तोच हा. फक्त आता तो तुमच्या हस्ताक्षरात असेल.